बाबांचं पोट, आईची भाकरी आणि प्रीबायोटिक फायबर

मधुमालती

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने आमचं घर ज्या एका गोष्टीभोवती फिरतंय, त्याबद्दल लिहितेय. विषय पोट साफ होण्याचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर धागा नंतर उघडा.

माझे बाबा ७४ वर्षांचे. उभं आयुष्य लालबागला गेलं, आधी गिरणीत आणि संपानंतर एका छापखान्यात. आता माझ्याकडे मुलुंडला असतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाबा साताऱ्याकडचे, आई अलिबागची, त्यामुळे आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि वालाचं बिरडं दोन्ही एकाच ताटात नांदायचं. आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला. मला सकाळी ७:५२ ची गाडी असते. भाकऱ्या थापायला वेळ कुठून आणू? शिवाय म्हाताऱ्या माणसाला हलकं द्यावं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून मऊ भात, साधं वरण, दुधीची भाजी, चहाबरोबर पाव नाहीतर खारी. बाबांनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. ते तक्रार करणाऱ्यातले नाहीतच. तीन-तीन, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, हे मला शेजारच्या काकांकडून कळलं.

ऑफिसात एकीने प्रीबायोटिक फायबरची पावडर सुचवली. डब्यावर लिहिलं होतं रोज दोन चमचे. मी पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे पाण्यात ढवळून दिले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत दिवा दिसला म्हणून उठले, तर बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. दोन्ही हात पोटावर, पोट टम्म, ढोलासारखं ताठ. मला म्हणाले, "गॅस धरलाय जरा. तू झोप, सकाळी गाडी आहे तुझी." तेव्हा मला फार अपराधी वाटलं. आजही वाटतं.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्त काढायला सांगितलं, सोनोग्राफी झाली. सुदैवाने काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, पावडरमध्ये वाईट काही नाही, पण दोन वर्षं पावावर राहिलेल्या पोटाला एकदम एवढी मात्रा झेपत नाही. त्यानंतर मी जमेल तेवढं वाचलं, एका आहारतज्ज्ञ मैत्रिणीला भंडावून सोडलं. जे समजलं ते सांगते.

फायबर म्हणजे चोथा, एवढंच मला माहीत होतं. झाडू मारल्यासारखं आतून साफ करतो आणि निघून जातो. ते अर्धंच खरं आहे. काही तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, कारण ते तोडणारी पाचकद्रव्यंच माणसाच्या शरीरात नाहीत. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे जिवाणूंची मोठी वस्ती आहे. एका माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ सालचा एक अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यातच. हे जिवाणू तो तंतू आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभरात फुगतं तसंच ते काम. त्यातून गॅस होतो आणि त्याबरोबरच लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात : ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ७० टक्के एकट्या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे आपण जिवाणूंना जेवू घालायचं आणि त्यांनी आपल्या आतड्याला. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, आणि पहिल्यांदा वाटलं की बाबांच्या पोटात दोन वर्षं कुणीतरी उपाशी आहे.

चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या अन्नाला 'प्रीबायोटिक' हे नाव १९९५ साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. दह्या-ताकाच्या संदर्भात ऐकू येतो तो शब्द 'प्रोबायोटिक', म्हणजे खुद्द जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्यांची शिदोरी. कांदा, लसूण, गहू, केळी यांत इन्युलिन आणि त्याच्या जातकुळीतले तंतू असतात. बाबांच्या डब्यातली पावडर म्हणजे चिकोरीच्या मुळातून काढलेलं हेच इन्युलिन. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च. नावं नवी आहेत. जिन्नस सगळे आईच्या फळीवरचेच.

आता प्रश्न. तुमच्याकडे वयस्कर माणसांना फायबर वाढवताना काय केलंत? किती हळू गेलात? आणि नोकरी सांभाळून हे कसं जमवता? मनापासून विचारतेय.

परळकर

ताई, बाबांना नमस्कार सांगा. गिरणगावातली माणसं अशीच, दुखलं तरी बोलायची नाहीत. माझे वडीलही तसेच होते.

आमच्याकडे वर्षानुवर्षं इसबगोल चालतं. तेही प्रीबायोटिकच ना? मग महागडी पावडर कशाला? रात्री एक चमचा घेतलं की काम झालं.

आहारवेल

मधुमालती, फार तळमळीने लिहिलं आहेस. मी एका पालिका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. बाह्यरुग्ण विभागात रोज हेच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परळकर, इसबगोलाबद्दल हा गैरसमज सगळीकडे आहे. ते उत्तम आहे, पण त्याचं काम वेगळं. एकदा प्रयोग करून पाहा. पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोल टाका आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पेला तिरका केलात तरी सांडणार नाही, असा घट्ट, गुळगुळीत गोळा झालेला असेल. आतड्यातही तेच होतं. ते पाणी धरून ठेवतं, मळ मऊ आणि भरीव करतं. जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, म्हणूनच ते जवळपास शेवटपर्यंत तसंच टिकतं आणि गॅसही कमी होतो. बद्धकोष्ठासाठी ते चांगलं ठरतं ते नेमकं याच कारणाने. जिवाणूंचं अन्न म्हणून मात्र इन्युलिन, कडधान्यांतल्या त्या शर्करा, ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकन, न पचणारा स्टार्च हे त्याच्या बरेच पुढे आहेत. गव्हाचा कोंडा तिसऱ्याच प्रकारचा. तो मुख्यतः भर घालतो.

एका शब्दात 'फायबर' म्हणून मोकळं झालं की घोटाळा होतो तो इथे. बाबांना त्या आठवड्यात हवी होती ओलसर भर, आणि मिळालं भराभर आंबणारं इन्युलिन. गॅस होणारच होता. तुझी चूक मात्रेची झाली, हेतूची नाही. जिवाणूंची वस्ती आहारानुसार बदलते, पण तिला वेळ द्यावा लागतो. मी रुग्णांना सांगते, आधीच्या खाण्यात आठवड्याला एकच बदल. पावडर द्यायचीच असेल तर पाव चमच्याने सुरुवात करायची आणि तीन-चार आठवड्यांत वर न्यायची.

इसबगोल घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ते कधीही कोरडं तोंडात टाकू नका, भरपूर पाण्याबरोबरच घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. पाणी कमी पडलं तर ते अन्ननलिकेत अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. थायरॉइडच्या गोळीत आणि कुठल्याही फायबर पावडरीत निदान चार तासांचं अंतर ठेवा.

परळकर

धन्यवाद मॅडम. आत्ताच पेला भरून ठेवला होता, खरंच सांडत नाही. इतकी वर्षं घेतोय, पण कधी थांबून पाहिलं नव्हतं. वडील शेवटी शेवटी कोरडंच फाकायचे, वरून घोटभर पाणी. हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

लेडीज_डबा

मधुमालती, मी विरारहून चर्चगेटला जाते, २२ वर्षं झाली. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सगळे म्हणतात फायबर वाढवा आणि पाणी प्या. आम्ही बायका पाणी पीत नाही. दीड तासाचा प्रवास, स्टेशनावरचं स्वच्छतागृह कुलूपबंद नाहीतर आत पाऊल टाकवत नाही असं. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग थेट ऑफिस गाठल्यावर पाणी. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' म्हणून बायकांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली. मला तिचं मोल माझ्या पोटाने शिकवलं.

कारण मी तीन वर्षांपूर्वी हाच उत्साह केला होता. कोंडा न चाळलेली पोळी, सॅलड, वर इसबगोल. पाणी मात्र तेवढंच. महिन्याभरात पोट आधीपेक्षा घट्ट झालं, मूळव्याध सुरू झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसभरात पाणी किती? मला उत्तर देता येईना.

आणि दुसरी गोष्ट. सकाळी जावंसं वाटतं ती नेमकी गाडीची वेळ. मग दाबून ठेवायचं. रोज दाबलं की काही वर्षांनी ती जाणीवच बोथट होते. आता मी पंधरा मिनिटं आधी उठते, कोमट पाणी पिते आणि ती पंधरा मिनिटं फक्त त्यासाठी ठेवते. एक गाडी चुकली तर चुकली.

आहारवेल

लेडीज_डबा, तुमची पोस्ट आमच्या विभागात भिंतीवर लावावी अशी आहे. १०० टक्के अनुमोदन.

चुनाभट्टीचा

मला थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण हा धागा वाचून माझ्यासारखं कुणीतरी उद्यापासून कांदा-लसूण वाढवेल.

मला आयबीएस आहे, म्हणजे आतड्याचा एक जुनाट विकार. अकरा वर्षं झाली. कांदा, लसूण, गव्हाची पोळी, राजमा, छोले यांनी दोन तासांत पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ. म्हणजे तुम्ही वर जी प्रीबायोटिकची यादी दिलीत, तीच माझी त्रासाची यादी. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने यावर मोठं काम केलंय. या भराभर आंबणाऱ्या शर्करांना ते एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात. आधी काही आठवडे त्या बंद करायच्या, मग एकेक परत आणून कुठली किती चालते ते बघायचं. परत आणायची पायरी फार महत्त्वाची आहे. मी दोन वर्षं सगळं बंदच ठेवलं होतं, भात आणि उकडलेला बटाटा एवढ्यावर. वजन उतरलं, लग्नकार्यात जाणं सोडलं.

शेवटी तज्ज्ञ भेटले आणि हळूहळू एकेक वस्तू परत आली. आता ज्वारीची भाकरी चालते, कच्चं केळं चालतं, कांद्याची पात हिरवी हिरवी चालते, पांढरा भाग नाही. लसूण तेलात परतून काढून टाकतो. त्यातले त्रासदायक तंतू पाण्यात विरघळतात, तेलात नाही, त्यामुळे वास आणि चव राहते. मोड आलेले मूग अर्धी वाटी. एवढं माझं ताट. पण त्यात मी माझ्या बायकोबरोबर जेवायला बसतो, हे फार आहे.

ज्यांचं पोट आधीच दुखरं आहे त्यांनी धाग्यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, एवढीच विनंती.

मधुमालती

चुनाभट्टीचा, हे लिहिलंत फार बरं केलंत. लसणाच्या तेलाची युक्ती माझ्या भाचीला सांगते, तिलाही असाच त्रास आहे.

ओटी_आणि_पडवी

वालाच्या बिरड्याचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही. आम्ही मूळचे पेणचे, आता गिरगावात.

मोडाच्या कडधान्याने गॅस कमी होतो हे आजी सांगायची. कारण आत्ता कळलं. ते रॅफिनोज, स्टॅकिओज पाण्यात विरघळतात आणि मोड येताना बी स्वतःच त्यातलं बरंचसं वापरून टाकतं. म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचं असतं. आमच्याकडे कडवे वाल रात्री भिजत, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधून वर वाटी पालथी. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड, थंडीत तिसरा दिवस लागतो. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. बोटांच्या चिमटीत दाबला की दाणा सुळकन बाहेर येतो आणि साल हातात राहते. ताटाभोवती चार माणसं बसली तर अर्ध्या तासात किलोभर. एकट्या माणसाने करायचं कामच नाही ते.

मधुमालती, बाबांना सोलायला बसवा. म्हाताऱ्या बोटांना छान जमतं. माझी आजी ९१ व्या वर्षीही सोलायची, डोळ्याला दिसत नव्हतं तरी.

दोनाचे_चार

सगळे 'फायबर वाढवा' म्हणतायत, पण किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की मोठ्या माणसाने अन्नातूनच रोज निदान २५ ग्रॅम घ्यावं. मी स्वतःचं ताट मोजलं होतं, तोच हिशोब इथे देतो.

ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू. बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. न चाळलेल्या कणकेतही ११. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनहून कमी. अख्ख्या मुगात १७ च्या आसपास, हरभऱ्यात तर २५. एक मध्यम भाकरी म्हणजे ४० ग्रॅम पीठ, म्हणजे ४ ग्रॅम. दोन भाकऱ्या, मुगाची एक वाटी उसळ ५ ग्रॅम, एक पालेभाजी, एक पेरू. एवढ्यात वीसच्या पुढे जातो. उरलेलं वरण आणि कोशिंबीर भरून काढतात.

आता माझं जुनं ताट. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कॅन्टीनचा भात-डाळ, संध्याकाळी दादरला उतरून वडापाव, रात्री परत भात. जेमतेम दहा. पोट भरलेलं आणि आतडं रिकामं, अशी पंधरा वर्षं काढली. हिशोब कागदावर मांडला त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं.

नवीनआई

माझी मुलगी चार महिन्यांची आहे, रात्री जागून वाचतेय.

आईच्या दुधात अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, हे मला बाळंतपणानंतर कळलं. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर दुधातला सगळ्यात मोठा घन भाग त्यांचाच. त्यांचे दोनशेच्या वर प्रकार सापडलेत. बाळाला पचत नाहीत तरी आईचं शरीर त्या करतं, कारण त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडो जिवाणूंसाठी असतात. पहिलं प्रीबायोटिक आपण जन्मल्याबरोबर पितो. मला दूध कमी होतं तेव्हा मी खूप रडले होते. पण थेंब थेंब पाजत राहिले. हे वाचलं असतं तर त्या रात्री जरा बळ आलं असतं.

सायनकर

फोडणीच्या भाताबद्दल कुणी बोलत नाही. रात्रीचा गार भात सकाळी फोडणीला घातला की त्यात न पचणारा स्टार्च वाढतो ना? मग मधुमेहींना चालेल का? माझ्या सासूबाई आता रोज शिळा भातच खातात, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकून.

आहारवेल

वाढतो हे खरं. शिजलेला स्टार्च गार झाला की त्याची रचना बदलते, काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचत नाही. गरम केल्यावरही त्यातला बराचसा टिकतो. पण वाढ किती? १०० ग्रॅम भातामागे पाऊण ग्रॅमच्या आतून दीड ग्रॅमच्या आसपास. चांगलं आहे, पण एवढ्यासाठी वाटीची दोन वाटी भात करू नका. मधुमेहींसाठी भात तो भातच. सासूबाईंना भाताचं प्रमाण तेवढंच ठेवायला सांगा आणि शेजारी उसळ वाढा.

यापेक्षा मला काळजी वाटते ती ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेल्या भाताची. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यात मरत नाहीत. मुंबईच्या दमट उकाड्यात भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष परत गरम करूनही नष्ट होत नाही. भात उरला की पसरट भांड्यात काढा, वाफ गेली की तासाभरात फ्रीजमध्ये. सकाळी चांगला वाफाळेपर्यंत परता. आपल्या आज्या-पणज्यांकडे फ्रीज नव्हता, हे बरोबर. पण त्या पहाटेच्या गार हवेत उठून तो भात संपवत होत्या. बंद फ्लॅटमधल्या ओट्याची गोष्ट वेगळी.

माटुंगा_रोड

चिकोरीचा उल्लेख आला म्हणून. माटुंग्याला फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळून मिळते. त्यातून इन्युलिन मिळेल या आशेने मी दिवसाला चार कप प्यायचो. पण चिकोरी खरपूस भाजताना त्यातलं बरंचसं इन्युलिन मोडतं. शिवाय चार कप कॉफीने झोप गेली ती वेगळीच. कॉफी चवीसाठी प्या.

वसईचीसून

कच्च्या केळ्याची भाजी लिहिते, मागितली नाही तरी. आमच्याकडे वसईला केळ्यांची कमी नाही. हिरवीगार, अजिबात पिवळसर न झालेली घ्या. जसं केळं पिकतं तसा त्यातला न पचणारा स्टार्च साखरेत बदलत जातो. हाताला तेल लावून सालं काढा, नाहीतर चीक लागतो. पातळ काप ताकाच्या पाण्यात टाका म्हणजे काळे पडत नाहीत. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून खोबरं. झाकण ठेवून वाफेवर. मोडता कामा नये.

उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्याही सुकवून ठेवतो. वरणात घालतो. त्यातही तसाच स्टार्च असतो.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळी आणि कडधान्यं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. माझ्या दिरांना पोटॅशियममुळे बंद करावी लागली.

परळकर

ताई, बाबा कसे आहेत आता?

मधुमालती

परळकर, विचारलंत, बरं वाटलं. दीड महिना झाला, सगळं एकदमच लिहिते.

पावडर बंद केली. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचा पाव बंद केला आणि नाचणीची आंबील दिली. दुसऱ्या आठवड्यात दुपारी अर्धी भाकरी. मला थापता येत नव्हत्या, कडा फुटायच्या. पीठ ताजं दळून आणलं आणि उकळत्या पाण्यात मळलं तेव्हा जमलं. आता रविवारी आणि बुधवारी रात्री थापते, बाकीचे दिवस खालच्या मावशींकडून घेते. तिसऱ्या आठवड्यात मोडाचे मूग, अर्धी वाटी. त्या आठवड्यात थोडा गॅस झाला. वाढवलं नाही, तिथेच दहा दिवस थांबले. हळूहळू तो बसला. आहारवेल ताईंनी थायरॉइडच्या गोळीचं लिहिलं, त्यावरून सुचलं म्हणून बाबांच्या औषधांची यादी डॉक्टरांना परत दाखवली. रक्तवाढीची लोहाची गोळी पोट घट्ट करते, हे तेव्हा कळलं. त्यांनी ती बदलून दिली. आणि कमोडसमोर पायाखाली एक लाकडी पाट ठेवलाय, गुडघे वर येतात. बाबांना चाळीतली उकिडव्याने बसायची सवय, या फ्लॅटमध्ये ती मोडली होती.

पाण्यासाठी त्यांच्या खिडकीत तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी रिकामा दिसला की मला समजतं.

आता दिवसाआड, कधी रोज. स्वतःहून सांगत नाहीत, पण सकाळी आंघोळीनंतर रेडिओ लावतात. दोन वर्षं तो बंदच होता.

आहारवेल

लोहाच्या गोळीचं फार महत्त्वाचं सांगितलंस. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : मळातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर भाकरी-उसळीवर थांबू नका. आधी तपासून घ्या. मधुमालतीने वडिलांना आधी डॉक्टरांकडे नेलं, तो क्रम बरोबर होता.

लेडीज_डबा

रेडिओचं वाचून डोळे भरून आले गं.

ओटी_आणि_पडवी

आणि बिरडं?

मधुमालती

काल झालं. दादरला भाजी गल्लीत कडवे वाल मिळाले, अर्धा किलो. शुक्रवारी रात्री भिजत घातले, शनिवारी फडक्यात बांधले, रविवारी दुपारी मोड नखभर आले होते. मी ताट घेऊन बसले आणि दहा-बारा सोलले असतील, तर बाबा खुर्चीतून उठून खाली चटईवर येऊन बसले. आई कशी सोलायची ते मला दाखवलं. ती अंगठ्याने दाबायची नाही, तर्जनीच्या बाजूने ढकलायची, म्हणजे दाणा दुभंगत नाही. हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं तिच्या समोर बसून त्यांनी पाहिलं होतं.

नारळाचं दूध थोडं पातळ झालं. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी आमसुलं दोन कमी घाल. त्यांना वाटीभर वाढलं होतं, मी मुद्दाम अर्धीच वाटी वाढणार होते पण त्यांनी मागून घेतलं. रात्री दोनदा उठून पाहिलं. झोपलेले होते.

वसईचीसून, केळी कुठल्या वारी ताजी येतात तुमच्याकडे? येत्या शनिवारी सुट्टी आहे.